स्टील गिटारच्या ॲम्पमधला हम : तो कुठून शिरतो आणि कसा शोधायचा

स्टील गिटार आडवं ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवतात, आणि त्याचा सूर लांबवायचा असतो. तार छेडली की आवाज आधी मोठा येतो आणि मग विरत जातो. तो विरू नये म्हणून वादक व्हॉल्यूम पेडल हळूहळू दाबत जातो. सूर टिकतो, पण त्याच्याबरोबर मागचा हम, म्हणजे विजेची घूं, तोही वर येतो. म्हणून कीबोर्ड किंवा बेसमध्ये जो हम खपून जातो, तोच स्टीलमध्ये कानाला बोचतो. हा त्रास वाद्याइतकाच जुना आहे. बाजारात खऱ्या अर्थाने चाललेलं पहिलं इलेक्ट्रिक गिटार हे लॅप स्टीलच, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायचं स्टील गिटारच होतं. १९३२ साली विक्रीला आलेल्या रिकनबॅकरच्या त्या वाद्याला एकाच कॉइलचा पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) होता, आणि एकाच कॉइलचा पिकअप तारेचा आवाज पकडतो तसाच आसपासच्या विजेचाही पकडतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात वाजवणाऱ्याला एका आठवड्यात तीन तऱ्हेच्या विजेवर वाजवावं लागतं : घरातल्या सॉकेटवर, मंडपवाल्याने ओढलेल्या वायरवर आणि यात्रेत किंवा वरातीत जनरेटरवर. घरी स्वच्छ वाजणारा सेट मंडपात घूं करतो, मग घाईघाईत कुणीतरी प्लगची तिसरी, म्हणजे अर्थची पिन काढायला सांगतो. हम खरोखर कमी होतो, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पण त्या क्षणापासून तुमच्या हातातल्या तारा आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये संरक्षण म्हणून काही उरत नाही. तिसरी पिन न काढता हम शोधता येतो. त्यासाठी एक मल्टिमीटर, एक चांगली कॉर्ड आणि थोडी शिस्त एवढंच लागतं.

आधी ऐका

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे हम एक तर ५० हर्ट्झचा असतो, नाही तर त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही आवाज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत बसतात, फक्त एक सप्तक वर-खाली. १०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचपेक्षा साधारण ३५ सेंट चढा (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). ट्यूनरवर ‘जी’, म्हणजे पांढरी पाच, दिसतोय पण काटा उजवीकडे झुकलेला आहे, असं दिसलं तर तो हमच.

कोणता हम ते ठरवायला मोबाइलवरचं कुठलंही फुकटचं स्पेक्ट्रम ॲनलायझर ॲप पुरतं. ५० आणि १५० वर उंच शेंडे दिसत असतील तर संशय पिकअप, कॉर्ड आणि अर्थिंग यांच्यावर. १०० आणि २०० वर दिसत असतील तर पॉवर सप्लायवर, मग तो ॲम्पच्या आतला असो वा इफेक्ट पेडलचा ॲडॉप्टर. मोबाइलचा माइक ५० हर्ट्झ नीट पकडत नाही, त्यामुळे तो शेंडा बुटका दिसला तरी १५० कडे बघा.

याशिवाय दोन आवाज आहेत, ज्यांना लोक हमच म्हणतात पण त्यांचं मूळ वेगळं असतं. एक म्हणजे चर्रर्र असा धारदार आवाज. तो बहुतेकदा लाइटच्या डिमरचा, फॅनच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किंवा एलईडी माळांच्या स्वस्त ड्रायव्हरचा. दुसरा म्हणजे बारीक कुंईं. तो डिजिटल पेडल आणि स्विचिंग ॲडॉप्टर यांचा. डिमरवर संशय असेल तर लाइटवाल्याला एकदा सगळे लाइट पूर्ण बंद आणि एकदा पूर्ण फुल करायला सांगा. दोन्ही टोकांना आवाज गेला आणि मधे आला, तर चोर सापडला.

पायाखालचं पेडल हेच पहिलं मीटर

पिकअपपासून ॲम्पपर्यंतच्या साखळीत हम कुठे शिरतो ते शोधायचं तर साखळी मधोमध तोडावी, आणि आवाज गेला की राहिला ते बघावं. व्हॉल्यूम पेडल टाचेकडे पूर्ण खाली केलं की सिग्नल अर्थला जोडला जातो, म्हणजे पेडलच्या आधीचं सगळं गप्प होतं. हम बंद झाला तर तो गिटार, पिकअप किंवा पहिली कॉर्ड इथून येतो. तसाच राहिला तर पेडलच्या पुढे शोधा.

याच तत्त्वावर दहा मिनिटांत एक हत्यार करता येतं. एक साधा मोनो जॅक घ्या, आत टोकाची आणि बॉडीची टॅग एका छोट्या तारेने सोल्डर करून जोडा, झाकण लावा. हा शॉर्ट केलेला जॅक साखळीत कुठल्याही इनपुटला घातला की त्याच्या मागचं सगळं तुटतं. ॲम्पच्या इनपुटला घालून बघा. मग शेवटच्या इफेक्टच्या इनपुटला. मग त्याच्या आधीच्या. ज्या पायरीला हम उगवेल, ती पेटी किंवा तिच्या पुढची कॉर्ड दोषी. हा जॅक कायम पिशवीत ठेवा आणि त्यावर लाल टेप गुंडाळा, नाही तर ऐन कार्यक्रमात घाईत तोच लावला जाईल. फक्त इनपुटलाच लावायचा. स्पीकरच्या आउटपुटला लावला तर ॲम्प जळेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन कॉर्ड आणि ॲडॉप्टर एकदम बदलले आणि हम गेला, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि तीच खराब कॉर्ड पुन्हा पिशवीत जाते.

गिटारकडून येणारा हम

तारांना हात लावा. हम कमी झाला तर बरं लक्षण आहे : तारा अर्थला जोडलेल्या आहेत आणि तुमचं शरीर जी भुणभुण गोळा करतं तिला वाट मिळते. हात लावल्यावर हम वाढला तर जॅकच्या आत टोकाची आणि बॉडीची तार उलटी जोडली गेली आहे, किंवा अर्थची तार तुटली आहे. काहीच फरक पडला नाही तर बहुधा तारा कशालाच जोडलेल्या नाहीत.

आपल्याकडच्या हवाईयन गिटारमध्ये हे तिसरं प्रकरण फार दिसतं. साध्या लाकडी गिटारला नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) उंच करून वर मॅग्नेटिक पिकअप बसवलेला असतो. पिकअपमधून दोन तारा जॅकला येतात, पण टेलपीस किंवा ब्रिज आणि जॅक यांच्यात तारच नसते. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक प्रोब तारेला आणि दुसरा कॉर्डच्या ॲम्पकडच्या टोकाला जॅकच्या बॉडीवर लावा. बीप वाजायला हवी आणि आकडा एक-दोन ओहमच्या आत हवा. नसेल तर टेलपीसचा एक स्क्रू काढा, त्याखाली सोल्डर टॅगची गोल वॉशर बसवा, तिथून पातळ इन्सुलेटेड तार जॅकच्या बॉडीच्या टॅगला सोल्डर करा. टेलपीसवर पॉलिश किंवा रंग असेल तर वॉशरखालची जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा. ही छोटी गोष्ट राहिली की सगळी मेहनत वाया जाते. लाकडी ब्रिजमध्ये पिना खोचून तारा अडकवलेल्या असतील तर ब्रिजच्या मागे सगळ्या तारांवरून पितळेची अरुंद पट्टी घट्ट बसवून तिला तार जोडावी लागते. ते काम जरा किचकट आहे, पण फरक मोठा पडतो. पेडल स्टीलमध्ये, म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचा सूर बदलणाऱ्या स्टीलमध्ये, तारा धातूच्या चेंजरवरूनच (तारा ताणणाऱ्या यंत्रणेवरून) जातात, त्यामुळे तिथे सहसा एवढीच खात्री करायची असते की चेंजरकडून जॅककडे येणारी तार निखळलेली नाही.

तारा अर्थ झाल्या की एक गोष्ट ओघाने येते : डाव्या हातातला बार उचलला आणि उजव्या हाताची बोटंही तारांवरून निघाली की हम जरासा वाढतो. हा दोष नव्हे. ओळ संपल्यावर उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवायची सवय लावली की तेवढंही ऐकू येत नाही.

आता पिकअपचं. उभ्या धरलेल्या साध्या गिटारचा वादक जागच्या जागी वळला की हम कमी-जास्त होतो, म्हणून स्टीलवाल्यालाही ‘जरा फिरून बस’ असा सल्ला मिळतो. स्टील आडवं असतं. पिकअपच्या कॉइलचा अक्ष आकाशाकडे असतो. तुम्ही खुर्चीसकट गोल फिरलात तरी तो अक्ष आकाशाकडेच राहतो. त्यामुळे नुसतं फिरून फार थोडा फरक पडतो. जागा बदलली तर पडतो, किंवा हम फेकणारी वस्तू फिरवली तर. खात्री करायची असेल तर लॅप स्टील हातात उचलून हळूहळू तिरकं, मग उभं करा. एखाद्या कोनात हम जवळजवळ नाहीसा झाला तर तो चुंबकीय मार्गाने पिकअपमध्ये शिरतो आहे आणि त्याचं उगमस्थान जवळच आहे. बहुतेक वेळा ते तुमच्याच ॲम्पमधलं पॉवर ट्रान्सफॉर्मर असतं, नाही तर शेजारी ठेवलेला स्टॅबिलायझर. ॲम्प सहा-आठ फूट मागे न्या, मग त्याला थोडं थोडं वळवत हम सगळ्यांत कमी कुठे होतो ते बघा आणि तिथे ठेवा. अंतर वाढलं की हे चुंबकीय क्षेत्र फार झपाट्याने कमी होतं. दोन फूट सरकल्यानेही चित्र बदलतं.

पिकअपच्या खाचेत तांब्याची चिकट पट्टी लावून ती अर्थला जोडणं चांगलंच, पण त्याने भुणभुण आणि चर्रर्र कमी होते. ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा चुंबकीय हम तांब्याने अडत नाही. त्यावर उपाय हमबकर पिकअपचा. त्यात दोन कॉइल उलट्या दिशेने जोडलेल्या असतात. बाहेरून आलेला हम दोन्हींत येतो आणि एकमेकांना खोडतो, तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. गिब्सन कंपनीसाठी सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हा पिकअप घडवला. सुराचा पोत थोडा जाड होतो, म्हणून जुन्या हवाईयन धाटणीचा चमकदार आवाज हवा असलेले वादक अजून एकाच कॉइलकडे वळतात. ही आवडीची निवड आहे. पण हमबकर बसवला म्हणजे अर्थिंगचा किंवा कॉर्डचा हमही गेला, असा समज करून घेऊ नका. त्यांच्याशी त्याचा संबंध नाही.

कॉर्ड आणि पेडल

साउंडवाल्याच्या पेटीतली जॅक लावलेली स्पीकरची वायर आणि गिटारची कॉर्ड बाहेरून सारख्या दिसतात. स्पीकरच्या वायरला जाळी नसते. ती गिटारला लावली की मंडपभरची वीज ॲम्पमध्ये घुसते. खात्री नसेल तर जॅकचं झाकण फिरवून आत बघा : मधल्या एका तारेभोवती विणलेली जाळी असेल तर ती गिटारची, दोन सारख्या जाड तारा असतील तर स्पीकरची. जाळीची तार सोल्डरपाशी तुटणं हा कॉर्डचा नेहमीचा आजार. अशी कॉर्ड आवाज देते, पण हलवली की घूं वाढतो. दुरुस्ती करताना जाळीवर आधी थोडं सोल्डर चढवून घ्या आणि जॅकच्या क्लॅम्पने बाहेरचं आवरण पकडलं आहे ना ते बघा, नाही तर सगळा ताण सोल्डरवर येऊन ती आठवडाभरात पुन्हा तुटते. लांबीही आवरा. कॉर्डमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते; गिटार ते ॲम्प सगळं मिळून सहा मीटरच्या वर गेलं की वरचे स्वर मंद होतात आणि हम गोळा करायला जागा वाढते.

व्हॉल्यूम पेडलचं एक वैशिष्ट्य फारसं कुणी सांगत नाही. साध्या, बिनबॅटरीच्या पेडलमध्ये ५०० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलणारा भाग) असतो. पेडल दोन्ही टोकांना असताना पुढच्या कॉर्डला भक्कम आधार मिळतो, पण मधल्या टप्प्यात पॉटचा रोध १२५ किलोओहमपर्यंत चढतो आणि पुढची कॉर्ड उघड्या अँटेनासारखी वागू लागते. म्हणून टाचेवर शांत, पूर्ण दाबल्यावर बऱ्यापैकी शांत, पण मधे घूं असं होत असेल तर पेडल बिघडलेलं नाही. पेडलनंतरची कॉर्ड लांब आहे किंवा तिची जाळी कमकुवत आहे. ती दीड-दोन मीटरची ठेवा, किंवा पेडलच्या लगेच पुढे बफर (सिग्नलला लांब कॉर्डसाठी बळ देणारी छोटी पेटी) बसवा. पेडल प्लॅस्टिकचं असेल तर आतून तांब्याची पट्टी लावून जॅकच्या बॉडीला जोडा. धातूचं असेल तर आतल्या जॅकची नट सैल नाही ना, एवढं पाना लावून बघा. सैल नट हे हमचं सगळ्यांत स्वस्त कारण आहे.

इफेक्टचे ॲडॉप्टर

सगळे इफेक्ट काढून गिटार थेट ॲम्पला लावा. शांत झालं तर एकेक पेटी परत लावत जा, आणि प्रत्येक पेटी आधी ॲडॉप्टरवर न चालवता ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालवून बघा. दुकानात ती ६एफ२२ म्हणून मागितली की लगेच मिळते. बॅटरीवर शांत आणि ॲडॉप्टरवर हम, म्हणजे दोष पेडलचा नाही.

जुन्या जड, ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण रिकाम्यावर मोजलं तर १२-१३ व्होल्ट दाखवतात, कारण आत रेग्युलेटर नसतो आणि गाळणीचा कपॅसिटर नावापुरता असतो. १०० हर्ट्झचा हम थेट पेडलमध्ये. रेग्युलेटेड ॲडॉप्टर घ्या, आणि त्यावरची खूण बघा : बहुतेक पेडलना आतली पिन ऋण लागते. अनेक कीबोर्डांचे ॲडॉप्टर १२ व्होल्टचे आणि आतली पिन धन असलेले असतात. पिन मात्र तितक्याच जाडीची, सहज आत जाते. कीबोर्डवाल्याचा ॲडॉप्टर उसना घेऊन पेडल जाळण्याचे प्रकार यातूनच होतात.

एका ॲडॉप्टरवरून साखळी वायरने चार-पाच पेडल चालवणं स्वस्त पडतं. ॲनलॉग पेडल असतील तर चालूनही जातं. एखादं ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलिअँपिअरच घेतं. त्यात डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब घातला, की तो शंभर मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो आणि त्याची कुंईं त्याच वायरीने बाकीच्यांत पसरते. डिजिटल पेडलला वेगळा ॲडॉप्टर द्या. सगळ्यांना मिळून एकच घ्यायचा असेल तर प्रत्येक आउटपुट आतून वेगळा असलेला सप्लाय घ्या. खर्च जास्त आहे, पण स्टीलवाल्याने इफेक्टवर करायचा पहिला खर्च हाच असावा. नवीन पेडल नंतर.

दोन अर्थिंग आणि त्यांच्यातली वाट

कार्यक्रमातला सगळ्यांत हट्टी हम इथे जन्मतो. तुमचा ॲम्प स्टेजमागच्या सॉकेटवर आहे, साउंडवाल्याचा मिक्सर समोर शंभर फुटांवर दुसऱ्या बोर्डावर. दोघांनाही अर्थ आहे. मग ॲम्पच्या लाइन आउटमधून मिक्सरला कॉर्ड जाते, आणि तिची जाळी दोन अर्थना आणखी एका वाटेने जोडते. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये अर्धा-एक व्होल्टचा जरी फरक असला तरी त्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. दोन विहिरींची पातळी वेगळी असताना मधे पाइप टाकला की पाणी वाहणारच, तसं.

परीक्षा सोपी : मिक्सरकडे जाणारी कॉर्ड उपसा. हम गेला तर हाच प्रकार. उपाय तीन. पहिला आणि स्टीलसाठी सगळ्यांत उत्तम : लाइन आउट सोडून द्या आणि ॲम्पच्या स्पीकरसमोर माइक लावा. विजेचा संबंधच उरत नाही, आणि स्टीलचा खरा आवाज स्पीकरमधूनच येतो. दुसरा : मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी), त्यावरचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबून. ते बटण फक्त सिग्नलची जाळी सोडवतं, विजेची अर्थ जागेवर राहते. तिसरा : मिक्सर जिथून वीज घेतो तिथूनच एक तीन कोअरची, १.५ चौरस मिलिमीटरची वायर स्टेजवर आणून सगळी वाद्यं त्या एकाच बोर्डावर लावा. दोन ॲम्प स्टिरिओवर वाजवत असाल तर त्यांचंही असंच : दोन्ही एकाच बोर्डावर, आणि एका लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

आता सॉकेट मोजायचं. मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवा, प्रोबच्या धातूला बोट लागू देऊ नका. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये पाचच्या वर दिसलं तर अर्थिंग कमकुवत आहे किंवा न्यूट्रलवर फार लोड आहे. फेज-अर्थ १४० आणि न्यूट्रल-अर्थ ९० असे अर्धवट आकडे आले तर अर्थची वायर कुठेच जोडलेली नाही, ती नुसती लोंबकळते आहे. स्वस्त जोडपट्ट्यांत तर तीन भोकांचं सॉकेट असतं आणि वायर दोनच कोअरची. जोडपट्टी प्लगमधून काढून, तिच्या प्लगच्या मोठ्या पिनेपासून सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत बीप वाजते का ते बघा. नाही वाजली तर ती पट्टी स्टेजवर आणू नका.

एक जागा विशेष सांगायला हवी. काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ठेवतात. मीटरवर सगळं सुरेख दिसतं, हमही येत नाही. पण त्या लाइनचा न्यूट्रल कुठे तुटला, तर तुमच्या ॲम्पची बॉडी, कॉर्डची जाळी आणि हातातल्या तारा सगळ्यांवर २३० व्होल्ट येतात. लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दाखवत असेल तर वायरमनकडून सॉकेट उघडून घ्या.

खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत पाणी ठरत नाही. उन्हाळ्यात तिथली अर्थिंग हमखास कमजोर होते. अथणी-रायबागकडची काळी माती ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि पाइपाभोवती पोकळी होते. दोन्हीकडे उपाय एकच : कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन घागरी पाणी ओतायला लावा. मंडपात वायरमन तिन्ही फेजवर लोड वाटतो. स्टेजवरची वाद्यं मात्र एकाच फेजवर मागून घ्या. दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट असतात आणि बिघाड झाला तर दोन वादकांमध्ये तेवढा फरक येऊ शकतो.

आणि वाजवायला बसण्यापूर्वी, प्रत्येक वेळी : मीटरचा एक प्रोब गिटारच्या तारेला, दुसरा गाणाऱ्याच्या माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट ठीक. पन्नासच्या वर काहीही दिसलं तर हात लावू नका, आधी अर्थ शोधा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं. तो वारंवार पडतो म्हणून त्याला वळसा घालून वीज घेणाऱ्या मंडपवाल्याला थांबवा.

परदेशातून आलेला ॲम्प ११०-१२० व्होल्टचा असतो आणि आपण त्याला स्टेपडाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लावतो. बाजारातले बरेच स्टेपडाउन दोन पिनांचे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात. अर्थ तिथेच संपतो. तीन पिनांचा, अर्थ आरपार गेलेला घ्या, आणि तो ॲम्पपासून व पिकअपपासून चार-पाच फूट लांब ठेवा, कारण त्याचं स्वतःचं क्षेत्रही कमी नसतं.

जनरेटरवर हमचा स्वर लोडप्रमाणे किंचित वर-खाली डोलतो. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, विजेवर तो कानाला कळेल इतका डोलत नाही. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर वाजवायची वेळ आली तर भुणभुण येणारच, तिला ॲम्पमध्ये इलाज नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर मागा.

ॲम्पच्या आत

इनपुटला शॉर्ट जॅक आहे, व्हॉल्यूम शून्यावर आहे, तरी हम आहे : आता ॲम्पची पाळी. १०० हर्ट्झचा जाड हम म्हणजे फिल्टर कपॅसिटर थकले. दहा-पंधरा वर्षांनी ते आतून सुकतात; कधी माथा फुगलेला दिसतो, कधी काहीच दिसत नाही. ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये ते साधारण ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे दोन असतात. दोन्ही एकदम बदलावेत, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, ध्रुव बघून. हम अचानक ५० हर्ट्झचा आणि फार मोठा झाला असेल तर रेक्टिफायर ब्रिजमधला (एसीची डीसी करणाऱ्या भागातला) एखादा डायोड उघडला असण्याची शक्यता जास्त. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये बसून राहते. ते काम जाणत्या मेकॅनिकचंच. त्याला ‘हम येतो’ एवढंच न सांगता ‘शॉर्ट जॅक लावून, व्हॉल्यूम शून्यावर, १०० हर्ट्झचा’ असं सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचतो.

रिव्हर्बचा नॉब वाढवल्यावरच हम वाढत असेल तर कपॅसिटरना हात लावू नका. स्प्रिंगच्या टाकीत आवाज उचलणारी छोटी कॉइल असते, ती पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला आली आहे. टाकी उलटी फिरवून ती बाजू लांब न्या, आणि टाकीच्या आरसीए पिना काढून, पुसून परत बसवा.

हे सगळं झाल्यावर जो थोडा हम उरतो त्यासाठी काही जण नॉइज गेट लावतात, म्हणजे थ्रेशोल्डने ठरवलेल्या पातळीच्या खालचा आवाज बंद करणारी पेटी. स्टीलवर ते जपून वापरावं लागतं, कारण विरत जाणारा सूरच गेट कापून टाकतं. व्हॉल्यूम पेडलच्या पुढे तर लावूच नका; टाचेवरून सूर उचलायला लागलात की गेट तोवर मिटलेलं असतं आणि सूर झटका देऊन उघडतो. पेडलच्या आधी लावा, तारांवर तळवा ठेवून सगळं शांत करा, थ्रेशोल्ड शून्यापासून वाढवत हम जिथे जेमतेम बंद होतो तिथे थांबा, आणि मग एक सूर छेडून तो पूर्ण विरेपर्यंत ऐका. शेपूट कापलं गेलं तर थ्रेशोल्ड जरा मागे घ्या आणि राहिलेला हम राहू द्या.